आमची कुठेही शाखा नाही

मागच्या महिन्यात एका मोठ्या साखळी दुकानात तूरडाळ घेतली. फडताळावरच्या चिठ्ठीवर १४९ रुपये होते, बिलात १६८ लागले. काउंटरवरच्या मुलीला मोबाईलवर काढलेला चिठ्ठीचा फोटो दाखवला. "सिस्टीमला हेच येतंय, मॅडम." मग डाळच बिलातून काढ म्हटलं, तर त्याला सरांचं कार्ड लागतं आणि सर जेवायला गेलेले. मागे आठ-नऊ माणसं ट्रॉल्या घेऊन उभी, त्यातल्या एकाने मोठ्याने उसासा टाकला. मी एकोणीस रुपयांवर पाणी सोडलं आणि बाहेर पडले.

घरी सांगितल्यावर ठरलेलं वाक्य आलं: "त्यापेक्षा आपला कोपऱ्यावरचा वाणी बरा." बरा खराच, पण तो गोड बोलतो म्हणून बरा असं कोणी म्हणू नये, निदान पुण्यात तरी. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद', 'विचारल्याशिवाय मालास हात लावू नये', 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही', 'आज रोख उद्या उधार' या पाट्या याच गावात रंगल्या. आणि या सगळ्यांच्या वर, दुकानाच्या नावाखाली, ठसठशीत अक्षरांत 'आमची कुठेही शाखा नाही'. जगात बाकी सगळीकडे शाखा वाढल्या की धंदा वाढला असं समजतात. इथे शाखा नसण्याचा अभिमान. त्यात आढ्यता होतीच, पण एक हमीही होती. माल वाईट निघाला तर ज्याच्याशी भांडायचं तो माणूस याच गल्ल्यावर बसलेला सापडेल, ही.

वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये फळी असायची. पलीकडे तागडी, पोती, डबे, वरून लोंबणारा सुतळीचा गुंडा. यादी द्यायची, तो एकेक जिन्नस मोजून रद्दीच्या कागदात पुडी बांधायचा, दोरा दाताने किंवा हिसक्याने तोडायचा. "हा तांदूळ नवा आहे, गिचका होईल, जुना देतो" हे तो न विचारता सांगायचा, कारण पुढच्या महिन्यात तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन येणार हे त्याला माहीत असायचं. मुंबईच्या गिरणगावात तर महिन्याचं खातं हाच संसाराचा कणा होता. पगार झाला की वाण्याचे पैसे आधी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तेव्हा पहिले काही महिने अनेक चुली या खात्यांवर पेटल्या. पुढे खाती थकली, वाणीही थकले.

मात्र याच फळीआड वजनात मारणं, भेसळ करणं आणि टंचाईत माल दडवणंही चालायचं. शेर, पायली, अधोली यांची मापं गावागणिक वेगळी. १९५६ च्या कायद्याने देशभर किलो-ग्रॅम आणले, त्यामागचं एक कारण हा गोंधळ होता. १९७२ च्या दुष्काळात भाव भडकले आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार समिती उभी राहिली. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या मोर्च्यांचा रोख सरकारवर होता तसा साठेबाज व्यापाऱ्यांवरही होता. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या आठवणीने आज गहिवरणाऱ्यांनी हा भाग सोयीने गाळलेला असतो.

वाण्याला पर्याय शोधण्याची खटपट आपल्याकडे मॉलच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती ग्राहकांनीच केली. १९४८ साली नायगावात कामगारांच्या सहकारातून अपना बाजार निघाला. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली; तिच्या संस्थापकांत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पंचायतीची पद्धत मोठी मजेशीर. शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक भावाचा माल टेम्पोने एका घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. इथे दुकानदारच नाही, तेव्हा उद्धट दुकानदारही नाही. वाटपाच्या दिवशी कोणाच्या घरी माल उतरवायचा यावरून शेजारणींत काय व्हायचं ते मात्र मी आईकडून ऐकलेलं आहे.

फळी मुळात उठली ती दूर अमेरिकेत. सप्टेंबर १९१६ मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' हे दुकान उघडलं. दारात फिरता अडसर, हातात टोपली, सगळ्या फडताळांपुढून नेणारी एकच वाट आणि शेवटी पैसे घेणारा एक माणूस. या रचनेचं त्याने दुसऱ्याच वर्षी पेटंटही मिळवलं. माल काढून देणाऱ्या नोकरांचा खर्च वाचला म्हणून भाव उतरले. यात गिऱ्हाईक ते काम फुकट करू लागलं, आणि तेही आनंदाने, कारण मालाला हात लावायला मिळाला! तेव्हा 'मोठ्या दुकानात कोणी विचारत नाही' ही तक्रार करताना ध्यानात घ्यावं की कोणी विचारू नये याच पायावर ते दुकान उभं आहे.

याच्या उलट नमुनाही मोठ्याच दुकानांचा. पॅरिसच्या 'बाँ मार्शे'त आरिस्तीद बूसिको १८५२ मध्ये भागीदार झाला आणि त्याने घासाघीस बंद करून ठरलेले भाव, नुसतं बघायला आत येण्याची मोकळीक आणि न आवडलेला माल परत घेणं या गोष्टी रूढ केल्या. म्हणजे गिऱ्हाइकाशी नम्र वागणं हे धोरण म्हणून बड्या दुकानांनीच आणलं. पण त्याला नोकर लागतात, आणि नोकरांना पगार.

आपल्याकडे फळी उठायला एक गोष्ट आधी व्हावी लागली. मालाने स्वतःची किंमत अंगावर बाळगायला हवी होती. पाकीटबंद वस्तूंचे नियम १९७७ चे. पण 'स्थानिक कर वेगळे' या तीन शब्दांत दुकानदाराला हवी तेवढी मोकळी जागा होती. १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. ज्याला आपण एमआरपी म्हणतो ती हीच. त्यानंतर साबणाचा भाव वाण्याला विचारण्याचं कारण उरलं नाही. १९९७ मध्ये चेन्नईत सुभिक्षा निघाली आणि २००९ पर्यंत बुडालीही. २००१ मध्ये बिग बझार, २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट. डी-मार्टचे राधाकिशन दमाणी यांनी त्याआधी नेरुळमध्ये अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती. कामगारांच्या सहकारी दुकानातून या धंद्याचे धडे एका शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराने गिरवावेत, हे मला तरी या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चमत्कारिक पान वाटतं.

आता त्या डाळीकडे वळू. साखळी दुकानात शाम्पूच्या रांगेत उभी असलेली मुलगी पुष्कळदा त्या दुकानाची नोकर नसते. शाम्पूच्या कंपनीने तिला तिथे उभं केलेलं असतं. हिंगाचा डबा कुठे आहे ते तिला सांगता येत नाही, ते यामुळे. काउंटरवरच्या मुलीला बिलातली ओळ पुसता येत नाही, कारण तसं करता आलं तर चोरीला वाट मिळते, म्हणून तो अधिकार वरच्या माणसाच्या कार्डात. वरच्या माणसाला भाव बदलता येत नाही, कारण भाव मुख्य कचेरीतून येतात. मुलगी खोटं बोलत नव्हती. सिस्टीमला खरंच तेच येत होतं. फडताळावरची चिठ्ठी बदलायची राहिली होती, एवढंच. वाण्याच्या दुकानात हे तिन्ही अधिकार एकाच माणसाकडे असतात. तो "राहू दे, दीडशे द्या" म्हणतो आणि विषय संपतो. लहर फिरली तर "परवडत नसेल तर दुसरीकडे बघा" असंही म्हणतो. निर्णय दोन्ही वेळा जागेवरच लागतो.

कायद्याने दोघांनाही चिमटे काढले आहेत. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. बिल न देणं आणि सदोष माल मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरल्या. पेठेतली ती लाडकी पाटी त्यामुळे आता शोभेपुरती उरली. मोठ्यांच्या वाट्याला पिशवी आली. २०१९ मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचाने गिऱ्हाइकाकडून कागदी पिशवीचे तीन रुपये घेतले म्हणून बाटाला नऊ हजारांचा भुर्दंड बसवला. आणि मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांना सांगितलं की मोबाईल नंबर दिला नाही म्हणून कोणाचं बिल अडवू नये.

आमच्या कोपऱ्यावरच्या काकांनी दिवाळीत फळी काढली. आता तिथे दोन टोपल्या आहेत, काच पुसलेली आहे आणि गल्ल्यावर संगणक. त्यामागच्या भिंतीवर आमच्या घरचा जुना लँडलाइन नंबर पेन्सिलीने लिहिलेला आहे, वीस वर्षांपूर्वीचा. परवा डाळ घ्यायला गेले तर म्हणाले, "ताई, मोबाईल नंबर सांगा, त्याशिवाय हे पुढे जात नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःचाच नंबर टाकला.