पर्यटन पास : छोट्या शहरी सहलीतील हिशेब (सीमाभागातील प्रवाशांच्या संदर्भात)

पर्यटन पास म्हणजे एकदाच ठरावीक रक्कम भरून एखाद्या शहरातील अनेक प्रेक्षणीय स्थळांचा प्रवेश, शहरातला प्रवास किंवा दोन्ही मिळवून देणारे तिकीट. एक ते तीन दिवसांच्या सहलीत असा पास घ्यावा की जागोजागी सुटे तिकीट काढावे, हे पासाबरोबर मिळणाऱ्या लांबलचक यादीवरून ठरत नाही. आपण खरोखर किती ठिकाणी जाणार आणि घरातल्या कोणाला मुळात किती तिकीट पडते, यावरून ते ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे वजन जास्त आहे. इथली सहल पुष्कळदा एका राज्यात सुरू होऊन दुसऱ्या राज्यात जाते आणि हद्द ओलांडली की बसभाड्याच्या सवलती बदलतात.

प्रकार

दिवसांवर चालणाऱ्या पासात तेवढ्या मुदतीत यादीतली कितीही ठिकाणे पाहता येतात. पॅरिसचा म्युझियम पास २, ४ आणि ६ दिवसांचा मिळतो तो असा. काही पास दिवसांऐवजी ठिकाणांची संख्या ठरवून देतात : यादीतून तीन निवडा, पाच निवडा. भारतात जास्त आढळते ते एकत्रित तिकीट. जयपूरला आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगड, अल्बर्ट हॉल वगैरेंसाठी दोन दिवस चालणारे एकच तिकीट मिळते. मात्र सिटी पॅलेस आणि जयगड त्यात येत नाहीत, कारण त्यांचा कारभार राजघराण्याच्या संस्थांकडे आहे. हंपीत विठ्ठल मंदिराचे तिकीट त्याच दिवशी कमळमहाल आणि गजशाळेच्या आवारातही चालते. अनेकांना हे माहीत नसते आणि सकाळचे तिकीट दुपारपर्यंत कुठेतरी टाकून दिलेले असते. ते जपून ठेवावे.

निव्वळ प्रवासाचे पास वेगळे. बेंगळूरच्या बीएमटीसी या शहर बससेवेचा दिवसाचा पास, नम्म मेट्रोचे १, ३ आणि ५ दिवसांचे पास, पुण्याच्या पीएमपी या शहर बससेवेचा दैनिक पास, हैदराबादच्या सिटी बसमधले टी-२४ तिकीट हे सगळे या गटात येतात. महाराष्ट्राच्या एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही ४ आणि ७ दिवसांची योजना १९८८ पासून चालू आहे. ती शहरापुरती नाही, पण तिचा हिशेब याच पद्धतीने करायचा असतो.

हिशेबाची रीत

पास विकणारे यादीतल्या सगळ्या तिकिटांची बेरीज मांडतात आणि त्यातून पासाची किंमत वजा करून ‘इतके वाचतील’ असे सांगतात. ही बेरीज निरुपयोगी आहे, कारण दोन दिवसांत ती सगळी ठिकाणे कोणी पाहत नाही. बेरीज करायची ती पास नसता तरी ज्यांचे तिकीट आपण नक्की काढले असते, त्याच ठिकाणांची.

समजा, एखाद्या शहरात दोन दिवसांचा पास २४०० रुपयांना आहे. आपल्याला चार ठिकाणे पाहायची आहेत आणि त्यांची तिकिटे ७००, ६००, ४५० आणि ३५० रुपये आहेत. बेरीज २१०० होते, म्हणजे पास घेतल्यास ३०० रुपयांचा तोटा. इथे विक्रेता म्हणेल की ५०० रुपयांचे पाचवे ठिकाण जोडा, बेरीज २६०० होईल आणि २०० वाचतील. प्रश्न असा, की पास नसता तर त्या पाचव्या ठिकाणासाठी आपण ५०० रुपये मोजले असते का? नसते, तर ते ५०० धरू नयेत. फार तर ‘सहज वाटेत आहे, शंभर रुपये असते तर आत गेलो असतो’ असे प्रामाणिकपणे वाटत असेल तर शंभर धरावेत. तरीही बेरीज २२०० च भरते. पासाचा बहुतेक सगळा फसवा फायदा या शेवटच्या एक-दोन ठिकाणांत दडलेला असतो.

हिशेब माणशी करावा, कुटुंबाचा एकगठ्ठा नव्हे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसते. मोठ्यांना पहिल्या श्रेणीच्या स्मारकात ४० आणि दुसऱ्या श्रेणीत २५ रुपये पडतात. विजापूरची सहल घ्या. नवरा-बायको, सासूबाई, सोळा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. गोलघुमटाचे २५ आणि इब्राहिम रोझाचे २५ असे चौघांचे मिळून २०० रुपये होतात, मुलगा फुकट. बारा कमानला तिकीटच नाही. सहल सरकारी साध्या बसने केली, तर कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे (तिचे नियम पुढे आहेत) तिघी बायकांचे भाडेही शून्य. पाच जणांच्या दर्शनाचा खर्च जिथे २०० रुपयांत आटोपतो, तिथे कोणताही पास काय वाचवणार?

बेळगावात तर पासाला जागाच नाही. किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, कपिलेश्वर मंदिर, खानापूर तालुक्यातली कदंबकालीन हलशीची मंदिरे, गोकाकचा ५२ मीटरांचा धबधबा ही सगळी ठिकाणे विनातिकीट पाहता येतात. पाहुण्यांना फिरवताना खर्च होतो तो गाडीचा आणि जेवणाचा.

हद्दीच्या दोन्ही बाजू

कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना लागू आहे. कर्नाटकाचा पत्ता असलेले आधार किंवा तत्सम ओळखपत्र दाखवणाऱ्या स्त्रीला राज्याच्या हद्दीत सरकारी साध्या बसने मोफत प्रवास करता येतो. कंडक्टर शून्य रकमेचे तिकीट देतो आणि ते घ्यावेच लागते. राजहंस, ऐरावत यांसारख्या आरामगाड्या आणि वातानुकूलित बस यातून वगळलेल्या आहेत. बेंगळूरच्या बीएमटीसीला योजना लागू आहे, मेट्रोला नाही.

याचा पासावर थेट परिणाम होतो. बेळगावची बाई बेंगळूरला दिवसभर बीएमटीसीच्या साध्या बसने फिरणार असेल, तर तिने दिवसाचा पास काढणे म्हणजे फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे देणे होय. तिच्या नवऱ्याला मात्र तोच पास तीन-चार फेऱ्यांत परवडू शकतो. एकाच कुटुंबात एकाने पास घ्यावा आणि दुसरीने घेऊ नये, हा हिशेब इथे अगदी बरोबर ठरतो. काउंटरवर ‘सगळ्यांचे पास द्या’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, ते याचसाठी.

सीमाभागात सोयरीक दोन्ही बाजूंना असते, आणि इथे एक गोष्ट हमखास सुटते. सून कोल्हापूर-सांगलीकडची असेल आणि लग्नानंतर आधारवरचा पत्ता बदलला नसेल, तर निपाणीत राहूनही तिला शक्तीचा लाभ मिळत नाही. सासू आणि नणंद शून्य तिकिटावर, सून पूर्ण भाड्यावर, असे चित्र बसमध्ये दिसते. म्हैसूर-बेंगळूरच्या सहलीचा खर्च मांडताना घरातल्या प्रत्येकीच्या आधारवरचा पत्ता आधी पाहावा. बदलायचा राहिला असेल तर सहलीच्या निमित्ताने का होईना, तो बदलून घ्यावा. वर्षभराच्या प्रवासात त्याचा उपयोग कोणत्याही पासापेक्षा मोठा आहे.

कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात गेले की नियम पालटतात. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. त्यामुळे ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास घ्यावा का, हे पाहताना बायकांची बेरीज अर्ध्या भाड्याने करावी. पुरुषाला जो पास फायद्याचा वाटतो, तो तिच्या बाबतीत बरोबरीत किंवा तोट्यात निघू शकतो. पुण्यात पीएमपीला एसटीची ही सवलत लागू नाही. तिथे शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय अशी विखुरलेली ठिकाणे बसने करायची असतील, तर दैनिक पास स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच उपयोगी पडतो.

बीदर जिल्ह्यातील भालकी, औरादच्या मराठी मंडळींना हैदराबाद जवळ. तेलंगणातही डिसेंबर २०२३ पासून महिलांना बसप्रवास मोफत आहे, पण तो तेलंगणाच्या रहिवाशांना. कर्नाटकच्या बाईला तिथे भाडे द्यावे लागते, म्हणून टी-२४ तिच्या कामाचे आहे. चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय एकमेकांजवळ असले, तरी गोवळकोंडा तिथून दूर आहे, त्यामुळे दिवसभरात अनेकदा बस धरावी लागते.

क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून आठ-दहा जण निघाले, तर प्रवासाच्या पासाचा विषयच संपतो. आपल्याकडच्या बहुतेक कौटुंबिक सहली अशाच निघतात. मग फक्त प्रवेशाच्या तिकिटांचा हिशेब उरतो, आणि तो तर आपण पाहिलाच.

वेळ

पैशांपेक्षा वेळेची मोजणी जास्त कडक करावी लागते. मोठे संग्रहालय किंवा किल्ला नीट पाहायला दोन-अडीच तास लागतात. त्यात रांग, जेवण आणि एका जागेहून दुसरीकडे जाणे धरले, तर दिवसाला तीन मोठी ठिकाणे ही सर्वसाधारण माणसाची मर्यादा आहे. बरोबर लहान मूल किंवा गुडघे दुखणारे वडीलधारे असतील, तर दोनच. पासाचा फायदा रोज चार-पाच ठिकाणे केल्यावरच दिसत असेल, तर तो पास आपल्यासाठी नाही. पैसे वसूल व्हावेत म्हणून ताजमहालाच्या तोडीची वास्तू अर्ध्या तासात उरकणे, हा खरा तोटा होय.

साप्ताहिक सुट्टी हिशेब मोडते. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय मंगळवारी, ताजमहाल आणि सालारजंग संग्रहालय शुक्रवारी, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद असतो. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असल्याने, सोमवार-मंगळवारसाठी घेतलेला दोन दिवसांचा पास रोज एका मोठ्या संग्रहालयाला मुकवतो.

पासाचा ‘दिवस’ कुठे सुरू होतो, हेही पाहावे. बीएमटीसीचा पास त्या तारखेपुरता असतो, तर टी-२४ काढल्या वेळेपासून २४ तास चालते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी बेंगळूरला उतरणाऱ्याला तारखेचा पास पुरेपूर वापरता येतो. १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून वंदे भारत सुरू झाली आहे. तिने दुपारी पोहोचणाऱ्याने त्याच दिवशी तारखेचा पास काढला, तर अर्धा दिवस वाया गेलेला असतो. दुपारी पोहोचणाऱ्यांनी पहिल्या दिवशी लालबाग, कब्बन पार्क असे हलके काही पाहावे.

म्हैसूर

सीमाभागातल्या शाळा आणि कुटुंबे ज्या शहराला सर्वांत हौसेने जातात, त्या म्हैसुरात प्रवेश तिकिटे घाऊक घेण्याची गरज क्वचितच पडते. राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि चामुंडी टेकडी एवढे केले तरी दिवस भरतो. टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला तिकीट लागत नाही. प्राणिसंग्रहालय आणि शेजारचे कारंजी तळे यांचे एकत्र तिकीट मिळते आणि दोन्ही पाहायची असतील तर ते घ्यावेच. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या संध्याकाळी राजवाड्यावर जवळपास लाखभर दिवे उजळतात. ते पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून सहलीचा वार ठरवतानाच रविवारची संध्याकाळ म्हैसुरात येईल असे जमवावे.

दसऱ्यात विकले जाणारे गोल्ड कार्ड ही निराळी गोष्ट आहे. त्याची किंमत हजारांत असते आणि विजयादशमीची जंबू सवारी (हत्तींची मिरवणूक) व बन्नीमंटप मैदानावरची मशालींची कवायत बसून पाहता येणे, हे त्याचे मोल आहे. गर्दीत तासन्‌तास उभे राहू न शकणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जायचे असेल, तर ते पैसे योग्य जागी गेले असे म्हणता येईल. पैसे वाचण्याची अपेक्षा ठेवून मात्र ते घेऊ नये.

परदेशी शहरे

मुला-मुलींकडे परदेशी जाणाऱ्या इथल्या आई-वडिलांची संख्या आता मोठी आहे आणि पासाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच उभा राहतो, कारण सुटी तिकिटे महाग असतात. तिथेही आधी फुकट काय आहे ते शोधावे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांच्या कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क नाही. त्याच शहरात एकाच बँक कार्डाने बसचे आणि ट्यूबचे (भुयारी रेल्वेचे) भाडे दिले, तर दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आपोआप लागते, त्यामुळे वेगळा दिवसाचा प्रवास पास सहसा लागत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयांत १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, म्हणून नातवंडांसाठी म्युझियम पास घेऊ नये. आयफेल टॉवर त्या पासात नाही आणि लूव्रसाठी पास असूनही वेळ आधी राखून ठेवावी लागते. ती मिळत नसेल, तर पास घेऊन उपयोग नाही.

एका कामापुरता पास, पैसे न वाचवताही, घेण्यासारखा असतो : तिकिटाची रांग टळते तिथे. उन्हाळ्यातल्या गर्दीत दोन तासांची रांग वीस मिनिटांवर येत असेल, तर दोन दिवसांच्या मुक्कामात त्याची किंमत मोठी आहे. मात्र ‘रांग नाही’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी तिकीट खिडकीची रांग नाही एवढाच असतो. सुरक्षा तपासणीची रांग सर्वांना सारखीच.

पास अधिकृत खिडकीवर किंवा त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर घ्यावा. न वापरलेल्या पासाचे पैसे परत मिळतात का, हे अटींत पाहून घ्यावे. अनेक पास पहिल्या वापराच्या क्षणी सुरू होतात, तेव्हा विमानतळावरून शहरात येण्यासाठी त्यातला प्रवास वापरण्यापूर्वी, त्या संध्याकाळी खरोखर कुठे जाणार आहोत का, हे ठरवावे. नसल्यास त्या फेरीपुरते सुटे तिकीट काढावे आणि पास दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करावा.