खगोलशास्त्राची डीएसएसटी परीक्षा: क्रेडिट कुठे अडतं आणि अभ्यास कशावरून करायचा

अमेरिकेत येऊन अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला घेतलेल्या आपल्या काही मंडळींना मी अर्ज भरायला मदत करते. गोष्ट बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. विज्ञानाची तीन क्रेडिट्स (पदवीसाठी अभ्यास मोजायचं माप) कमी पडतात, नोकरी आणि मुलं सांभाळून वर्गात बसणं जमत नाही, आणि कोणीतरी सांगतं, ‘खगोलशास्त्राची परीक्षा दे, क्रेडिट मिळतं.’ सल्ला चांगला आहे. अभ्यास केलेला माणूस या परीक्षेत सहसा अडकत नाही. तो अडकतो परीक्षेच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदपत्रांत.

या परीक्षेचं नाव डीएसएसटी, म्हणजे वेगवेगळ्या विषयांत वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षांपैकी एक. मुळात ती अमेरिकन सैन्यातल्या लोकांसाठी सुरू झाली, आता कोणीही देऊ शकतं. १०० बहुपर्यायी प्रश्न, वेळ दोन तास, चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. गुण २०० ते ५०० च्या मापात मिळतात आणि ४०० ला उत्तीर्ण. आधी एखादा कोर्स केलेला असावा अशी अट नाही. सैन्यात असाल तर पहिल्या प्रयत्नाची फी डॅन्टेस ही सैन्याची शिक्षणाला मदत करणारी संस्था भरते. इतरांनी परीक्षेची फी आणि केंद्राची फी अशी दोन्ही धरून चालावं.

सुरुवातीलाच होणारी चूक म्हणजे क्लेपचं, म्हणजे क्रेडिट देणाऱ्या अशाच दुसऱ्या परीक्षेचं, पुस्तक विकत घेणं. क्लेपमध्ये खगोलशास्त्राचा पेपरच नाही. तिथे आहे तो नैसर्गिक विज्ञानाचा पेपर, आणि त्यातला निम्मा भाग जीवशास्त्राचा आहे. मॉडर्न स्टेट्स या मोफत कोर्स देणाऱ्या संस्थेचं परीक्षेच्या फीचं मोफत व्हाउचरही क्लेपसाठीच असतं, इथे चालत नाही.

आता खरी अडचण. उत्तीर्ण झालेल्याला ३ सेमिस्टर क्रेडिट्स द्यावीत, असं अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही कॉलेजांची राष्ट्रीय संघटना म्हणते. पण ही शिफारस आहे. क्रेडिट द्यायचं की नाही आणि दिलं तर कशात मोजायचं, हे तुमचं कॉलेज ठरवतं. मी मदत केलेल्या एका ताईंना सल्लागारांनी तोंडी सांगितलं होतं, ‘हो, आम्ही घेतो.’ घेतलंही. पण जमा केलं ऐच्छिक विषयात, कारण त्यांच्या पदवीला प्रयोगशाळेसह विज्ञान हवं होतं आणि या परीक्षेत प्रयोगशाळा नाही. गुण चांगले, क्रेडिट जमा, आणि विज्ञानाचा रकाना तसाच रिकामा. पदवी एक सत्र पुढे गेली. हे आधी सांगायला कॉलेजला दोन ओळींची ईमेल पुरली असती, याचा मला अजून राग येतो.

म्हणून पैसे भरण्याआधी रजिस्ट्रारच्या, म्हणजे कॉलेजात क्रेडिट्सची नोंद ठेवणाऱ्या, कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखीच मागा. त्यात विचारा: खगोलशास्त्राची डीएसएसटी तुम्ही घेता का, माझ्या पदवीत ती कोणत्या गरजेत मोजली जाईल, प्रयोगशाळेची अट तिने भागते का, परीक्षेने मिळवलेली क्रेडिट्स जास्तीत जास्त किती चालतात, आणि गुण कोणत्या तारखेपर्यंत तुमच्याकडे पोचायला हवेत. शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण घसरतात. कॉलेजच्या पत्रकात छापलेली तारीख गुण पोचण्याची असते, आपण ती परीक्षा देण्याची समजतो. शिवाय शेवटची ठरावीक क्रेडिट्स आमच्याच वर्गात करा, असाही काही कॉलेजांचा नियम असतो. तो लागू झाला की परीक्षा देऊन उपयोग नाही.

एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या मुलांसाठी एक कळकळीची सूचना. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात साधारण १२ क्रेडिट्सची नोंदणी ठेवावी लागते. परीक्षेने मिळणारी तीन क्रेडिट्स त्यात धरून एखादा कोर्स सोडून देऊ नका. कोर्स सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा. इथे चूक झाली तर गुणांपेक्षा खूप मोठं काही जातं.

कागदपत्रं म्हणाल तर फोटो आणि सही असलेलं, मुदत न संपलेलं सरकारी ओळखपत्र. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या नावांमुळे इथे घोळ होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, कॉलेजात ते गाळलेलं, लायसन्सवर लग्नाआधीचं आडनाव, आणि कोणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच कोरी. नोंदणी करताना दाखवणार असलेल्या ओळखपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहा. कॉलेजातलं नाव वेगळं असेल तर आधी तिथे दुरुस्त करून घ्या, नाहीतर गुण जातात आणि कोणाच्या खात्यावर टाकायचे ते तिथे कळत नाही.

आता अभ्यास. पहिल्यांदा डीएसएसटीच्या संकेतस्थळावरून या विषयाचं माहितीपत्रक उतरवून घ्या. ते मोफत आहे, त्यात घटक, त्यांचं वजन आणि नमुना प्रश्न असतात. मुख्य पुस्तक म्हणून ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनाचं खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक पुरतं. फ्रॅकनॉय, मॉरिसन आणि वुल्फ यांचं, ३० प्रकरणांचं, मोफत आणि कायदेशीर. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नका, माहितीपत्रकातले घटक समोर ठेवून प्रकरणं निवडा. केप्लरचे नियम, प्रकाश आणि वर्णपट, सूर्यमाला, ताऱ्यांचा जन्म-मृत्यू, दीर्घिका, विश्वाचा विस्तार, एवढ्यात बराचसा पेपर येतो. वाचून डोकं थकलं की क्रॅश कोर्स या वाहिनीवरची फिल प्लेट यांनी सांगितलेली खगोलशास्त्राची मालिका यूट्यूबवर बघा. सराव चाचण्यांना पैसे देण्याआधी गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ‘डीएसएसटीच्या सराव चाचण्या आहेत का’ असं विचारा. पुष्कळ वाचनालयांच्या कार्डावर त्या फुकट मिळतात.

जुनी पुस्तकं मात्र घेऊ नका. प्लूटो नववा ग्रह म्हणून शिकवणारं पुस्तक २००६ च्या आधीचं आहे, आणि परग्रहमालांबद्दल, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबद्दल, त्यात जे असेल ते तर फारच अपुरं.

आपल्याकडून आलेल्यांची एक गल्लत मी वारंवार पाहिली आहे. उत्तरायण म्हटलं की आपल्याला मकरसंक्रांत आठवते, १४ जानेवारी. परीक्षेत विचारतात तो अयनदिन, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस, २१-२२ डिसेंबरचा असतो. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, त्याला परांचन गती म्हणतात, आणि तिच्यामुळे आपली ताऱ्यांवर बांधलेली संक्रांत अयनदिनापासून सरकत गेली आहे. हे एकदा नीट समजून घेतलं तर परांचनाचा प्रश्न कधीच चुकणार नाही. तसंच नक्षत्रांचं. आपली २७ नक्षत्रं म्हणजे चंद्राच्या वाटेवरचे टप्पे, आणि चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात साधारण २७.३ दिवसांत फेरी पुरी करतो. परीक्षेतले ८८ तारकासमूह वेगळे. अमावस्या ते अमावस्या मात्र २९.५ दिवस, आणि या दोन आकड्यांत का फरक पडतो हा हमखास विचारण्याजोगा मुद्दा आहे.

चंद्रकलांमध्ये मात्र आपण पुढे असतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर बघून उपास सोडणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही की पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. तो सरासरी ५० मिनिटांनी, एवढा आकडा जोडला की झालं. सूर्यग्रहण अमावस्येला आणि चंद्रग्रहण पौर्णिमेला, हेही घरातच ठाऊक असतं. इंग्रजी शब्द तेवढे वेगळ्या वहीत लिहून पाठ करा.

परीक्षेच्या दिवशी तुमच्या कॉलेजचा कोड सोबत न्या आणि विचारलं जाईल तिथे भरा. तो राहिला तर नंतर ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) मागवायला वेगळे पैसे आणि वेगळे दिवस जातात. नापास झालात तर पुन्हा बसायला ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून पदवीच्या तारखेआधी तेवढी मोकळीक राहील अशीच पहिली तारीख घ्या. उत्तीर्ण झालात तर दोन-तीन आठवड्यांनी कॉलेजच्या पोर्टलवर आपला पदवी-तपासणी अहवाल उघडा आणि ती तीन क्रेडिट्स ईमेलमध्ये लिहून दिलेल्या रकान्यातच पडली आहेत का ते बघा. नसतील तर तीच ईमेल जोडून त्याच दिवशी कळवा.