दोन शहरांतली दोन केईएम

पाकिटावर पिनकोड ४०००१२ असेल तर ते मुंबईतले, परळचे केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय. ४११०११ असेल तर पुण्याचे, रास्ता पेठेतले. दोघांचा मालक एक नाही, एक दुसऱ्याची शाखाही नाही. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारल्यावर त्याच्या नावाची स्मारके ठिकठिकाणी उभी राहिली, त्यांतली ही दोन. वयाने पुण्याचे मोठे: १९१२ मध्ये छोटेसे प्रसूतिगृह म्हणून ते सुरू झाले. मुंबईचे १९२६ चे.

मुंबईच्या केईएमच्या जन्मामागे एक अट होती. त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी सांगितले की शिक्षक पात्रताधारक भारतीय हवेत आणि ते सरकारी नोकरीतले नकोत. तोवर शहरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोठ्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. त्यामुळे परळचे रुग्णालय नावाने राजाचे स्मारक असले तरी आतून वेगळ्याच हट्टावर उभे राहिले. चालवायला घेतले पालिकेने, आणि आजही ते पालिकेचेच आहे. पुण्याचे मात्र न्यासाचे.

घोटाळा होतो तो इथेच. परळला केसपेपर काढून उपचार घेतलेले कुटुंब पुण्यात त्याच नावाच्या दारात आले, की बिलही तसेच नाममात्र असेल असे गृहीत धरते. पुण्यातले केईएम धर्मादाय आहे, सरकारी नव्हे, आणि या दोन शब्दांत आपल्याकडे कायम गल्लत होते. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेत त्याचे तपशील ठरले. रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आणि त्यातून हा खर्च भागवायचा. उत्पन्नमर्यादा नंतर वाढवल्या गेल्या: निर्धनासाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार.

कागदावर हे सोपे वाटते. अडते ते वेळेवर. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्याकडे पहिल्याच दिवशी जायचे असते. लोक जातात डिस्चार्जच्या दिवशी, अंतिम बिल हातात पडल्यावर. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे, असेही योजनेत आहे. २०२५ मध्ये पुण्यातल्या दुसऱ्याच एका धर्मादाय रुग्णालयात अनामतीवरून वाद पेटला, तेव्हा हे कलम अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. नियम तोवर जवळपास वीस वर्षांचा झाला होता.

नावांचा गुंता रस्त्यांवरही आहे. रास्ता पेठेच्या नावाचा ‘रस्त्या’शी काही संबंध नाही; ते पेशव्यांचे सरदार रास्ते यांच्यावरून पडले, आधीचे नाव शिवपुरी. परळला वाडिया म्हटले तर ‘बायकांचे की मुलांचे?’ असे विचारावे लागते, कारण त्या नावाची रुग्णालये दोन, १९२६ आणि १९२९ ची. पुण्यात वाडिया म्हणजे कॉलेज.

परळच्या केईएमचा पत्ता आचार्य दोंदे मार्ग, टाटा रुग्णालयाचा डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. टॅक्सीवाल्याला दोन्ही सांगून उपयोग नाही, नुसते ‘केईएम’ नाहीतर ‘टाटा’ म्हणावे. प्रभादेवी आणि परळ जोडणारा, शंभरी ओलांडलेला एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या पुलासाठी बंद केला. तेव्हा प्रभादेवीकडून गाडीने येणाऱ्या रुग्णाला उत्तरेला टिळक पूल, नाहीतर दक्षिणेला करी रोडचा पूल गाठावा लागला. पर्याय उभा राहण्याआधी रुग्णालयांच्या तोंडचा पूल काढणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

खाणेही दोन शहरांत दोन तऱ्हेचे. परळच्या आसपास गिरणी कामगारांच्या खानावळी होत्या, महिन्याच्या खात्यावर चालणाऱ्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी ती गिऱ्हाइके सरली. रुग्णाच्या नातेवाइकाला खाते नको असते. राईसप्लेट, इडली, पेज, रोख आणि पटकन.

पुण्यात थर्मास घेऊन खाली उतरलेला माणूस अमृततुल्य, म्हणजे चहाचे दुकान, शोधतो. तिथे पितळी पातेल्यात दूध-पाणी साखर घालून उकळत ठेवतात. ठेचलेले आले उकळी आल्यावरच पडते, गार दुधात टाकले तर दूध फाटायची भीती. मग वेलदोडा, पत्ती, आणि शेवटी फडक्यातून गाळणे. पेशंट मधुमेही असेल तर ‘बिनसाखरेचा’ मागून फायदा नाही, साखर पातेल्यात आधीच विरघळलेली असते.