स्पॅम फिल्टर व मेल सर्व्हरमधील बिघाड (बेळगाव सीमाभाग)

स्पॅम फिल्टर व मेल सर्व्हरमधील बिघाड : न मागता घाऊक प्रमाणात येणारे ई-मेल (स्पॅम) ओळखून बाजूला काढणे आणि खरा मेल पोहोचत नसेल तर तो कोठे अडला हे शोधणे, ही मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याची दोन कामे. ती एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की ‘फिल्टरने मेल खाल्ला’ या नेहमीच्या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा फिल्टर नसतोच. प्रस्तुत नोंदीत या कामांचा विचार कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागाच्या संदर्भात केला आहे. कारवार, बीदर, भालकीकडील मराठी वस्तीलाही त्यातले बरेचसे लागू पडते. येथील पतसंस्थेच्या किंवा उद्यमबागेतील फाउंड्रीच्या एकाच मेलबॉक्समध्ये सरकारी कार्यालयाचे कन्नड पत्र, पुण्या-कोल्हापूरच्या ग्राहकाची इंग्रजी ऑर्डर, सभासदाचा मराठी अर्ज आणि रोमन अक्षरांत लिहिलेले ‘उद्या पैसे भरतो’ असे सगळे एकत्र येते. फिल्टरची खरी परीक्षा या सरमिसळीत होते.

इतिहास : पहिला स्पॅम कोणता, याविषयी दोन मते आढळतात. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरील सुमारे ४०० पत्त्यांवर धाडले. बहुतेक लेखक आरंभ येथून धरतात. काही जण मात्र १२ एप्रिल १९९४ रोजी कँटर व सीगल या वकील दांपत्याने यूजनेटच्या हजारो चर्चागटांवर टाकलेल्या ग्रीन कार्ड लॉटरीच्या जाहिरातीला हा मान देतात. यूजनेट म्हणजे ई-मेल नव्हे, त्यामुळे मेल सर्व्हरच्या दृष्टीने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. या उपद्रवाला वाव मिळाला तो मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याच्या एसएमटीपी या नियमसंहितेमुळे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ती सिद्ध केली, तेव्हा जाळ्यावरील लोक एकमेकांच्या परिचयातले होते. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानून पुढे जाण्याची तिची रीत आजही मुळात तशीच आहे.

शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याच्या पद्धतीचे श्रेय कोणाला द्यावे, हा अधिक गुंतागुंतीचा प्रश्न आहे. लोकप्रिय लेखनात ते सरसकट पॉल ग्रॅहॅम यांना दिले जाते. त्यांचा यावरील लेख ऑगस्ट २००२ चा. त्याच्या चार वर्षे आधी, १९९८ मध्ये, मेहरान सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच पँटेल व लिन यांनी बेझ प्रमेयावर (मिळालेल्या पुराव्यावरून संभाव्यता काढण्याच्या नियमावर) आधारलेले फिल्टर मांडले होते. जेसन रेनी यांचा ‘आयफाइल’ हा प्रोग्राम तर बहुधा १९९६ पासून त्याच तत्त्वावर मेल फोल्डरांत लावत असे. कालक्रम पाहता ग्रॅहॅम पहिले ठरत नाहीत. तरीही पद्धत रूढ झाली ती त्यांच्यामुळे, आणि त्याला कारण आहे. पँटेल व लिन यांच्या फिल्टरने सुमारे ९२ टक्के स्पॅम पकडला, पण १.१६ टक्के खरा मेलही अडवला. शंभरात एखादे खरे पत्र गमावणारा फिल्टर कोणतीही कचेरी ठेवून घेणार नाही. ग्रॅहॅम यांनी खऱ्या मेलमधील शब्दांची मोजणी दुप्पट धरली, मेलमधील सर्वांत बोलके असे १५ शब्दच हिशेबात घेतले आणि खरा मेल जवळजवळ न अडवता हजारात पाचांहून कमी स्पॅम निसटू दिले. आधीच्या प्रयोगातील उणिवांची त्यांनी केलेली मीमांसाही महत्त्वाची आहे : शिकवणीसाठी घेतलेले मेल फारच थोडे, मेलचे शीर्षलेख (पाठवणारा, वेळ, वाटेतील सर्व्हर यांच्या नोंदी) वगळलेले आणि शब्दांचे प्रत्यय छाटून केवळ मूळ रूप ठेवलेले. पुढे गॅरी रॉबिन्सन यांनी २००३ मध्ये संभाव्यता एकत्र करण्याचे सूत्र सुधारले. स्पॅमअ‍ॅसॅसिनसारख्या फिल्टरांनी तेच स्वीकारले.

प्रत्यय छाटण्याचा मुद्दा मराठीला विशेष लागू पडतो. ‘कारखाना’चे ‘कारखान्याला’, ‘कारखान्याने’, ‘कारखान्यातून’ होते आणि फिल्टरच्या लेखी हे चार वेगळे शब्द असतात. म्हणून मराठीसाठी प्रत्यय छाटावेत, असे सुचवले जाते. तसे केल्यास ‘खात्यावर’ आणि ‘खात्यातून’ यांतला फरक पुसला जातो. पतसंस्थेच्या मेलमध्ये तोच फरक कामाचा असतो. छाटणीपेक्षा शिकवणीचे मेल वाढवणे आणि शीर्षलेख वापरणे अधिक फलदायी दिसते, कारण विषयाची ओळ सोडली तर शीर्षलेखांना भाषा नसते.

देवनागरीची अडचण : जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये सुरू केलेला आणि २००४ पासून अपाची प्रतिष्ठानकडे असलेला स्पॅमअ‍ॅसॅसिन हा फिल्टर प्रत्येक खुणेला गुण देतो, बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरतो. त्यातील बेझचा भाग २०० स्पॅम व २०० खरे मेल शिकवल्याखेरीज चालूच होत नाही. लहान संस्थांत तो कित्येकदा कधीच चालू झालेला नसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिकवूनही मराठी मेलवर तो पूर्वी चाचपडत असे, त्याचे कारण अक्षरांच्या साठवणीत आहे. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. शब्द वेगळे करताना जुन्या आवृत्त्या पश्चिम युरोपीय अक्षरे गृहीत धरून १६१ ते २५५ मूल्यांचे बाइट ठेवत आणि १२८ ते १६० मूल्यांचे बाइट कोरी जागा समजत. तीन बाइटांपैकी पहिले दोन यातून वाचत. तिसरा वाचेल की नाही हे त्या अक्षराच्या स्थानावर ठरे. स्वर आणि ‘क’पासून ‘ठ’पर्यंतची व्यंजने यांचा तिसरा बाइट गळून पडे, ‘ड’पासून ‘ह’पर्यंतची व्यंजने शाबूत राहत. काना आणि पहिली वेलांटी टिके. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा व हलन्त जात. परिणामी ‘कर’ आणि ‘घर’ हे दोन शब्द फिल्टरला अक्षरशः एकच दिसत. घरपट्टीची नोटीस आणि करसवलतीचे आमिष यांत त्याने भेद करावा तरी कसा? सुमारे २०१५ च्या आवृत्तीपासून अक्षर अखंड ठेवण्याची सोय झाली. त्याआधीच्या आवृत्तीवर जमवलेली शिकवण पुढे ओढत न नेता पुसून नव्याने द्यावी, हे उत्तम.

जुन्या फाँटांचा प्रश्न निराळा. श्रीलिपीसारख्या मराठी व नुडीसारख्या कन्नड प्रणालींतील युनिकोडपूर्व मजकूर मेलमध्ये चिकटवला, तर तो रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रास होतो. भाषा ओळखणारा भाग त्याला भलतीच युरोपीय भाषा समजू शकतो. छपाईच्या संस्कृतीमुळे हे फाँट सीमाभागातील कचेऱ्यांत अद्याप टिकून आहेत. यावर फिल्टरमध्ये उपाय शोधण्यात अर्थ नाही. असा मजकूर पीडीएफ करून जोडावा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

विषयाच्या ओळीतही एक खाच आहे. इंग्रजीखेरीज अन्य लिपीतील विषय सांकेतिक तुकड्यांत बांधावा लागतो आणि एका तुकड्याची मर्यादा ७५ वर्णांची असते. त्यांतले १२ वर्ण बांधणीत जातात, उरलेल्यांत ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हे मावतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ हा विषय ८४ बाइटांचा, म्हणून दोन तुकड्यांचा. मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने डोळे मिटून ४५ व्या बाइटवर कापले, तर सुरी ‘साधारण’मधल्या दुसऱ्या कान्याच्या मधोमध पडते आणि वाचणाऱ्याला तेथे प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसतात. अक्षर मध्येच तोडू नये, असे मानकात स्पष्ट म्हटले आहे. पण हिशेबाचे आणि सभासद-नोंदणीचे स्थानिक प्रोग्राम ते पाळतातच असे नाही. काही तर विषय न बांधता कच्चाच पाठवतात, आणि त्याबद्दल फिल्टर वेगळे गुण लावतो.

बिघाड शोधणे : पहिला नियम असा, की सर्व्हरच्या नोंदवहीतील (लॉगमधील) समोरच्या सर्व्हरच्या उत्तराचा आकडा वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. पोस्टफिक्स हा सर्व्हर ४ च्या उत्तरानंतर मेल रांगेत ठेवतो, काही मिनिटांपासून सुमारे तासाभराच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करतो आणि ५ दिवसांनी नाद सोडतो. रांगेतील मेल पाहून घाबरून सर्व्हर पुनःपुन्हा बंद-चालू करण्याने काही साधत नाही.

४५० हे उत्तर बहुधा ग्रेलिस्टिंगचे असते. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा परत पाठवायचे. खरा असेल तर पुन्हा येईल, ही इव्हान हॅरिस यांची २००३ मधील कल्पना. पोस्टफिक्ससाठी हे काम करणाऱ्या पोस्टग्रे या प्रोग्राममध्ये हा खोळंबा मुळात ३०० सेकंदांचा असतो. मात्र पाठवणारा पुन्हा केव्हा येईल हे त्याच्या मर्जीवर राहते, आणि दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी अर्ध्या तासाने पोहोचतो. ऑनलाइन निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांकडून ही तक्रार येते. बँका व शासकीय पोर्टले यांचे पत्ते सवलतीच्या यादीत घालणे किंवा ग्रेलिस्टिंग सोडूनच देणे, हे दोनच पर्याय राहतात. आज दुसरा अधिक सयुक्तिक वाटतो.

काळ्या यादीमुळे (नको असलेल्या आयपी पत्त्यांच्या यादीमुळे) मेल परत येतो तेव्हा दोष दोन्ही बाजूंपैकी कोणाचाही असू शकतो. कारखान्यातच सर्व्हर ठेवून साध्या ब्रॉडबँड जोडणीवरून मेल पाठवला, तर तो आयपी पत्ता घरगुती वापराचा म्हणून अशा याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या धोरण-यादीत आधीच असतो. त्यात कोणी काही गैर केलेले नसते. शिवाय आयपीवरून नाव सांगणारी उलट नोंद सेवा पुरवणाऱ्यानेच करून द्यावी लागते, ग्राहकाला ती करता येत नाही. स्थिर आयपी घ्यावा, नाहीतर बाहेर जाणारा मेल एखाद्या रिले सेवेमार्फत (आपल्या वतीने मेल पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरमार्फत) सोडावा.

येणारा सगळाच मेल एकाएकी नाकारला जाऊ लागला, तर मात्र शंका आपल्याच सर्व्हरवर घ्यावी. या याद्यांतील चौकशी डीएनएस या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतून होते. स्पॅमहाउस सार्वजनिक डीएनएस सेवांमार्फत आलेल्या चौकशांना खरे उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटी दर्शवणारा संकेत देते. कोणी तंत्रज्ञ ‘इंटरनेट हळू आहे’ म्हणून सर्व्हरचा डीएनएस बदलून ८.८.८.८ (गूगलची सार्वजनिक सेवा) करतो आणि उत्तर कोणते आले हे न पाहता ‘काहीतरी आले, म्हणजे यादीत आहे’ एवढेच सर्व्हरला ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाठवणारा गुन्हेगार ठरतो. असाच प्रकार मार्च २००८ मध्ये जगभर घडला होता : डिसेंबर २००६ मध्ये बंद झालेली ओआरडीबी ही यादी कोणी काढून टाकली नाही, तेव्हा तिने प्रत्येक चौकशीला होकार देण्यास सुरुवात केली. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (चौकशा करणारा प्रोग्राम) बसवणे हा यावरचा टिकाऊ इलाज.

एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरील सांकेतिक सही) व डीमार्क (या तपासण्या फसल्यास काय करावे याची सूचना) या डीएनएसमधील तीन नोंदी पाठवणाऱ्याची ओळख पटवतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या केल्या. गूगलने घाऊकची सीमा दिवसाला ५,००० मेल अशी धरली आहे. एसपीएफमध्ये दहापेक्षा अधिक डीएनएस चौकशा लागल्या तर ती नोंदच अवैध होते. सीमाभागातील संस्थांत अधिक आढळणारा प्रकार आगेपाठवणीचा आहे. संस्थेच्या पत्त्यावरचा मेल चेअरमनच्या खासगी जीमेलवर वळवलेला असतो. वळवताना मूळ पाठवणाऱ्याचे नाव तसेच राहते आणि सर्व्हर मात्र संस्थेचा, त्यामुळे एसपीएफ मोडते. त्याहून वाईट म्हणजे न गाळलेला स्पॅमही सोबत जातो आणि गूगलच्या दप्तरी तो संस्थेच्या सर्व्हरच्या नावावर पडतो. महिन्याभराने सभासदांना पाठवलेल्या नोटिसा स्पॅममध्ये जाऊ लागतात. आगेपाठवणी बंद करून चेअरमनच्या फोनवरील जीमेलच्या अ‍ॅपमध्येच संस्थेचे खाते जोडून दिलेले बरे.

खात्याचा पासवर्ड चोरीला गेला, की रांगेत हजारो मेल साचतात. नोंदवहीत ज्या वापरकर्त्याच्या नावाने ते आत आले ते शोधायचे, आधी पासवर्ड बदलायचा, चालू जोडण्या तोडायच्या, मग त्या खात्याचे मेल रांगेतून काढायचे आणि शेवटी काळ्या याद्यांतून नाव वगळण्याचा अर्ज करायचा. क्रम उलटा केल्यास तासाभरात नाव पुन्हा यादीत जाते.

फिल्टरच्या आवाक्याबाहेरचा एक धोका निर्यात करणाऱ्या कारखान्यांना अधिक आहे. ग्राहकाच्या डोमेनमधील ‘एम’ या रोमन अक्षराच्या जागी ‘आर’ व ‘एन’ शेजारी ठेवून नवे डोमेन घेतले जाते आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा मेल येतो. त्या नव्या डोमेनच्या तिन्ही नोंदी चोख असतात, भाषा सभ्य असते आणि लिंक एकही नसते. फोन करून खात्री केल्याखेरीज खाते क्रमांक बदलायचा नाही, ही लेखाविभागाची शिस्त येथे कामास येते.

कायदा : भारतात ई-मेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ मध्ये त्रासदायक व उगमाविषयी फसवणाऱ्या मेलचा उल्लेख होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम व्यापारी कॉल व एसएमएसपुरते आहेत.

देवनागरी पत्ते : ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि देवनागरी पत्त्यांवर मेल नेण्याचे मानक २०१२ चे. पोस्टफिक्समध्ये ही सोय ३.० या आवृत्तीपासून आली. वाटेतील एखाद्या जरी सर्व्हरला ती येत नसेल, तर मेल कायमच्या नकारासह परत येतो. म्हणून देवनागरी पत्ता घेणाऱ्या संस्था त्यासोबत रोमन लिपीतील पर्यायी पत्ताही ठेवतात.