बोल्ट ताणला, की पॅकिंग धरतं

रेडिएटर गळायला लागला की अजूनही एक इलाज सुचवला जातो: मूठभर हळद टाका, गळती बंद. हळदीचा वास छान, रंगही शुभ, आणि गळती थांबतेही. थांबते ती कुठल्या गुणाने नव्हे, हळदीतल्या स्टार्चमुळे. गरम पाण्यात स्टार्च फुगतो, खळ बनते आणि बारीक फटीत जाऊन बसते. पण खळीला फट आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. जुन्या ट्रॅक्टरला हा इलाज तर फारच महाग पडतो.

1917 साली आलेल्या फोर्डसनला किंवा जॉन डिअरच्या जुन्या दोन सिलिंडरवाल्यांना पाण्याचा पंपच नव्हता. इंजिनातलं तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढायचं, जाळीत थंड होऊन खाली उतरायचं. वर 95 अंश, खाली 75 अंश आणि उंची 60 सेंटीमीटर धरली, तर पाणी फिरवणारा दाब भरतो जेमतेम 8 मिलिमीटर पाण्याच्या थराइतका. एवढ्याशा जोरावर खळीचा अडथळा ढकलून पाणी कसं फिरणार? गळतीचंही तेच. 'थोडं गळलं तर ओतू की वरून' हे पंपवाल्या इंजिनात एखाद वेळ चालतं. इथे पातळी इंजिनातून येणाऱ्या नळाच्या तोंडाखाली गेली की साखळी तुटते, आणि पाणी फिरायचं सोडून जागच्या जागी उकळू लागतं.

या ट्रॅक्टरांत वरची आणि खालची टाकी बिडाची असते, मधली जाळी पितळ-तांब्याची, आणि दोन्ही टाक्या जाळीच्या पितळी पत्र्याला बोल्टांनी आवळलेल्या. मध्ये पॅकिंग. म्हणजे दीड-दोन मीटर लांबीचा सांधा, तोही दोनदा.

आता थोडा हिशेब. 5/16 इंची, म्हणजे जवळजवळ 8 मिलिमीटरचा बोल्ट 0.8 किलोग्रॅम-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळला तर तो सुमारे 500 किलोचा दाब देतो. वीस बोल्ट म्हणजे 10 टन. पॅकिंगची लांबी 160 सेंटीमीटर, रुंदी 2 सेंटीमीटर धरा, तर दर चौरस सेंटीमीटरला 31 किलो. आतल्या पाण्याचा दाब? 60 सेंटीमीटर उंचीचं पाणी, म्हणजे 0.06 किलो. पाचशेपट ताकद हाताशी असून सांधा गळतो, तेव्हा 'पाण्याच्या दाबाने पॅकिंग फुटलं' हे म्हणणं सोडून द्यावं.

खरं गौडबंगाल बोल्टात आहे. बोल्ट म्हणजे स्प्रिंग. तो ताणला गेला की परत आखूड होऊ पाहतो, आणि त्या ओढीवर पॅकिंग दाबून राहतं. पण ही स्प्रिंग भयंकर ताठ. आवळलेला भाग 30 मिलिमीटर असेल तर 500 किलोला तो फक्त 0.02 मिलिमीटर ताणतो, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. पॅकिंग मात्र दबल्यावर हळूहळू बसत जातं, गरम झाल्यावर आणखी. ते तेवढंच, म्हणजे 0.02 मिलिमीटर, बसलं की बोल्टाचा बराचसा ताण गायब. पॅकिंगला स्वतःची थोडी स्प्रिंग असते म्हणून भार एकदम शून्यावर येत नाही, इतकंच. पाना लावून पाहिलं तर बोल्ट घट्टच लागतो, कारण आट्यांत गंज आणि घर्षण असतं. लावलेल्या जोरापैकी सुमारे 90 टक्के तसाही घर्षणातच जातो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करून एक थेंब तेल द्यायचं. गंजलेल्या आट्यांवर तोच टॉर्क लावला तर दाब बराच कमी पडतो, आणि टॉर्क रेंच मात्र खुशाल 'टक्' म्हणतो. जागा असेल तर बोल्टाच्या डोक्याखाली 15-20 मिलिमीटरची नळी घालून लांब बोल्ट वापरावा. लांबी दुप्पट झाली की ताणही दुप्पट, आणि पॅकिंग बसलं तरी ओढ शिल्लक राहते.

दुसरी गोष्ट ताप. बीड तापून जितकं वाढतं त्याच्या पावणेदोनपट पितळ वाढतं. 50 सेंटीमीटरच्या टाकीत 60 अंशांच्या चढ-उताराला हा फरक पाव मिलिमीटरच्या आसपास. दर वेळी इंजिन तापलं की पत्रा टाकीखालून सरकतो आणि निवला की परत येतो. पॅकिंगने ही सरक पोटात घ्यायची असते. नुसत्या सिलिकॉनचा पातळ थर ती घेऊ शकत नाही, कडेने फाटतो.

सिलिकॉनची नळी हल्ली प्रत्येक गॅरेजात असते, आणि हात सैल सोडला जातो. ओलं सिलिकॉन निसरडं. कॉर्कच्या पॅकिंगवर ते थापून बोल्ट आवळले की बोल्टांजवळ पॅकिंग बाहेर सरकून येतं, अगदी चकलीसारखं. सिलिकॉनचे आत आलेले मणी सुटून नळ्यांत अडकतात ते वेगळंच. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत ओल्या सिलिकॉनवर भराभर साय धरते. टाकी बसवायला उशीर केला तर ती साय सांध्यात तशीच राहते. पॅकिंगच्या एका बाजूला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, पातळ हात पुरे.

प्रत्यक्ष कामाला लागताना जुनं पॅकिंग आधी पाण्याने भिजवायचं. ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, म्हणून ड्रिलवरचा ब्रश नको. ओलंच खरवडायचं. टाकीच्या काठावर पट्टी ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून पाहायचं. फट पाव मिलिमीटरच्या आत आणायला जाड काचेवर 120 नंबरचा इमरी पेपर ठेवून टाकी घासायची. त्यावर 1.5 मिलिमीटरची फायबर शीट चालते. बीड फारच वाकलं असेल तर 3 मिलिमीटरचं कॉर्क-रबर घ्यायचं, पण टॉर्क निम्मा. पितळी पत्र्याच्या भोकांच्या कडा उचललेल्या असतात, मागच्या कोणाच्या तरी जोराची खूण. त्या ठोकून सपाट करायच्या. पत्र्यामागची लोखंडी पट्टी गंजून गेली म्हणून टाकून देतात, तिथेच घात होतो. तिच्याशिवाय दोन बोल्टांमधला पत्रा वाकतो. बोल्टांमधलं अंतर दुप्पट झालं तर तेवढ्याच दाबाला वाक सोळापट. नवी पट्टी किमान 5 मिलिमीटरची हवी.

शीटमध्ये आधी 9 मिलिमीटरच्या पंचने भोकं, मग आतला काप. उलटं केलं की काठ फाटतो. आवळणी मधून टोकांकडे, समोरासमोर, तीन फेऱ्यांत: हाताने, निम्म्या टॉर्कने, पूर्ण. दुसऱ्या दिवशी पुन्हा. इंजिन एकदा तापवून पूर्ण निवल्यावर शेवटची फेरी.

खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधालगतच्या विहिरीचं पाणी यात ओतू नये. त्यातलं मीठ पितळातलं जस्त खातं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घ्यावं.

चाचणीला कॉम्प्रेसर लावू नका, बिनदाबाच्या जुन्या जाळीला तो सोसत नाही. रेडिएटर सुटा असतानाच तोंडं बंद करून 10 मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी जोडा, हवा काढा आणि नळी 2 मीटर उंच बांधून पाण्याने भरा. दाब बरोबर 0.2 किलो, त्याहून जास्त होऊच शकत नाही. पातळीवर खूण करा. 1 सेंटीमीटर उतरली म्हणजे पाऊण मिलिलिटर गेलं. मात्र संध्याकाळी खूण करून पहाटे पाहिलंत तर उगाच घाबराल: 15 लिटर पाणी 1 अंशाने निवलं तरी एक थेंब न गळता नळीतली पातळी 4 सेंटीमीटर उतरते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पाणी तितक्याच तापमानाला असताना पाहा.