एफटीडीचे रुग्ण मोजायचे कसे?

घरोघरी जाऊन स्मृतिभ्रंशाचे रुग्ण शोधताना आधी छोटी चाचणी घेतात: आजची तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणजे एफटीडी झालेला माणूस सुरुवातीला यात बऱ्याचदा पास होतो. झीज असते कपाळामागच्या आणि कानशिलांजवळच्या मेंदूत. तो परक्यांना नको ते बोलतो, गोडावर तुटून पडतो, बायको तापाने फणफणली तरी ढिम्म असतो. आपलं काही बिघडलंय असं त्याला वाटतच नाही. म्हणून घरच्यांना वेगळं बसवून विचारणं अत्यावश्यक. अनेक सर्वेक्षणं इथेच कमी पडतात.

दुसरी चाळणी वयाची. केंब्रिजच्या २००२च्या अभ्यासात ४५ ते ६४ वयोगटात लाखामागे १५ रुग्ण निघाले, त्या वयातल्या अल्झायमरइतकेच. पुढे केंब्रिजशर आणि नॉरफकमध्ये ६५ची मर्यादा काढून मोजणी झाली (२०१६). तेव्हा सर्वांत जास्त प्रमाण ६५ ते ६९ या गटात सापडलं: लाखामागे ४२.६. सगळी लोकसंख्या धरून १०.८. या आकड्यांत पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि सीबीएस (कॉर्टिकोबेसल सिंड्रोम) हे एफटीडीचे सख्खे आजारही धरले आहेत, शिवाय छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागलं ती, वेगळा आहे. त्यामुळे १५ वरून १०.८ म्हणजे रुग्ण घटले, असं कुणी म्हणू नये.

याच अभ्यासात वर्षाला लाखामागे १.६ नवे रुग्ण आढळले. १०.८ भागिले १.६ म्हणजे पावणेसात. आजार सरासरी तितकी वर्षं चालतो असा ढोबळ हिशेब, आणि तो पटण्यासारखा आहे.

एवढ्या विरळ आजारासाठी दारोदार फिरणं परवडत नाही. २०,००० माणसं तपासली तर हाती दोनेक रुग्ण. एक निसटला की आकडा निम्मा. म्हणून युरोपात ९ देशांतल्या १३ केंद्रांनी जून २०१८ ते मे २०१९ या काळात आपापल्या ठरलेल्या भागातले नवे रुग्ण नोंदवले. सुमारे १ कोटी १० लाख लोकसंख्येत मिळाले २६७.

हे दर भारताच्या लोकसंख्येला गुणून चालणार नाही. सी-नाइन-ऑर्फ-७२ या जनुकातला, एफटीडी घडवू शकणारा दोष फिनलंडमध्ये बराच आढळतो, जपानमध्ये क्वचित. आपल्याकडचं लासी-डॅड हे ज्येष्ठांमधल्या स्मृतिभ्रंशाचं सर्वेक्षण मोलाचं आहे, पण त्यात ६० वर्षांपुढचेच लोक आहेत; पन्नाशीतला एफटीडी त्यात येणारच नाही. इथे नोंदवही उभारायची तर एक जिल्हा ठरवून मेंदूविकारतज्ज्ञांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांचे कागदही चाळायला हवेत, कारण घरचे बहुधा आधी तिथे जातात.