तेराशे स्वप्ने आणि एक खून

भयपटांमध्ये एक ठरलेली मांडणी असते. गावातली मुले एकेक करून नाहीशी होतात, कुणा स्त्रीला रात्री स्वप्नात खुनी दिसू लागतो, पोलीस तिला वेडी ठरवतात आणि अखेरीस तिने पाहिलेली जागा जशीच्या तशी सापडते. प्रत्यक्षात असे घडते का, हे मोजून पाहण्याची संधी विज्ञानाला एका खऱ्या खुनाने दिली होती.

विमानाने एकट्याने अटलांटिक ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांचे वीस महिन्यांचे बाळ १ मार्च १९३२ रोजी रात्री न्यू जर्सीतील हॉपवेलजवळच्या घरातून पळवले गेले. खोलीत ५० हजार डॉलरची खंडणी मागणारी चिठ्ठी होती आणि बाहेर आवारात घरगुती बनावटीची लाकडी शिडी पडलेली होती. सारी अमेरिका या बातमीने हादरली. त्याच सुमारास हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञ हेन्री मरे यांनी वृत्तपत्रातून आवाहन केले, की या प्रकरणाविषयी कुणाला स्वप्न पडले असेल, तर ते लिहून पाठवावे. तेराशेहून अधिक स्वप्ने जमा झाली. १२ मे रोजी ट्रकवरचा एक माणूस लघवीसाठी रस्त्यालगतच्या झाडीत शिरला आणि त्याला पालापाचोळ्यात अर्धवट पुरलेला बाळाचा मृतदेह दिसला. ही जागा घरापासून जेमतेम सात किलोमीटरवर होती.

मरे आणि त्यांचे सहकारी वीलर यांनी १९३७ मध्ये या स्वप्नांचा हिशेब प्रसिद्ध केला. बाळ मेलेले असल्याचे सुचवणारी स्वप्ने सुमारे ५ टक्के, म्हणजे साठ-पासष्टच होती; मृत्यू, पुरलेले प्रेत आणि झाडी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या अवघ्या चार स्वप्नांत. बाळ जिवंत की मृत, एवढ्याच प्रश्नावर कुणी नाणे उडवले असते, तरी साडेसहाशेच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती! लोकांना बाळ सुखरूप परत यावे असे वाटत होते आणि ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण या आकड्यांना अतींद्रिय दृष्टीपेक्षा कितीतरी चांगली लागू पडते.

मग ‘स्वप्न खरे ठरले’ असे इतक्या जणांना इतक्या खात्रीने का वाटते? एक कारण निव्वळ संख्येचे आहे. १९३० च्या जनगणनेनुसार अमेरिकेची लोकसंख्या सव्वाबारा कोटींच्या घरात होती. दर दहा लाखांत एकालाच एखाद्या रात्री हरवलेल्या मुलाचे स्वप्न पडते असे धरले, तरी कुठल्याही एका रात्री अशी शंभराहून अधिक माणसे निघतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी. झोपेत डोळे भराभर हलतात तो ‘रेम’ टप्पा रात्रीतून चार-पाच वेळा येतो. या टप्प्यात भीतीशी निगडित असलेला मेंदूतील अमिग्डाला हा भाग विशेष सक्रिय असतो, तर कपाळामागचा, तर्काची छाननी करणारा भाग मंदावलेला असतो. त्यामुळे स्वप्नातली भीती खरी वाटते आणि त्यातली विसंगती खटकत नाही.

दुसरे कारण स्मृतीचे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. स्कॉटिश मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना एक काल्पनिक स्वप्नवही आणि तिच्या जोडीला दैनंदिन घटनांची नोंद वाचायला दिली. नंतर आठवायला सांगितले, तेव्हा स्वप्नाशी जुळणाऱ्या घटना न जुळणाऱ्यांपेक्षा अधिक लक्षात राहिल्याचे दिसले. शिवाय स्वप्नात तुकडे पुष्कळ असतात: पाणी, झाड, अंधार, कुणाचा तरी हात. यांतला कुठला तुकडा नेमका कशाचा संकेत होता, हे घटना घडून गेल्यावर ठरते आणि बाकीचे तुकडे विस्मरणात जातात. मरे यांच्या पद्धतीचे बळ यातच आहे, की सगळी स्वप्ने मृतदेह सापडण्यापूर्वी कागदावर उतरली होती. मागाहून त्यांत बदल करता येत नव्हता.

त्या चौघांपैकी कुणा एकाला घेऊन चित्रपट काढला, तर तो प्रेक्षकांना हादरवून सोडेल. बाळ सापडल्याची बातमी वाचताना त्या माणसाच्या अंगावर काटाही आला असेल. बाकीची तेराशेच्या आसपास पत्रे मात्र त्याने कधी पाहिलेली नव्हती. ती मरे यांच्याकडे होती.